आचऱ्याचे अच्युत कानविंदे

संपादक मंडळाने प्रत्येकाकडून आपापल्या व्यवसायाविषयी लेख मागितला आहे. आपल्या तुकडीत डॉक्टर, इंजिनिअर आणि बँकवाले भरपूर. आर्किटेक्ट मी एकटाच. मात्र माझ्या कामाविषयी लिहिण्याऐवजी ज्यांच्या इमारती पाहत मी हा धंदा शिकलो, त्यांच्याविषयी लिहितो.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म 1916 चा, मालवण तालुक्यातल्या आचरा गावचा. वडील मुंबईत चित्रकला शिक्षक. मुलगा जे. जे. मध्ये वास्तुकला शिकला, 1942 मध्ये बाहेर पडला आणि नव्याने स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरीला लागला. सरकारने त्याला हार्वर्डला पाठवले. तिथे गुरू मिळाले वॉल्टर ग्रोपिअस. कानविंदे 1947 मध्ये परतले तेव्हा देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि त्या कशा बांधायच्या, हे जाणणारी माणसे इथे मोजकीच होती. प्रयोगशाळा म्हणजे काही टेबलांची खोली नव्हे. पाणी, गॅस, वीज, विषारी वाफा बाहेर नेणारे मार्ग, आणि दहा वर्षांनी संशोधनाचा विषय बदलला तरी भिंती न फोडता बदलता येईल अशी रचना, हे सगळे आधी कागदावर सोडवावे लागते.

त्यांचे सुरुवातीचे काम, उदाहरणार्थ अहमदाबादची अटिरा ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था, गुरूच्या वळणाचे आहे: सपाट छप्पर, सरळ रेषा, नक्षीला फाटा. 1955 मध्ये शौकत राय यांच्याबरोबर त्यांनी दिल्लीत स्वतःचे कार्यालय काढले, आणि मग हात मोकळा झाला.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम कानपूरची आयआयटी. पहिले संचालक पु. का. केळकर, म्हणजे तिथेही मराठी माणूस! कानविंद्यांनी मोटारी परिसराच्या कडेला ठेवल्या आणि मधला भाग चालणाऱ्यांना दिला. ग्रंथालय, व्याख्यानगृहे आणि विभाग वरच्या मजल्याच्या उंचीवरच्या लांब मार्गांनी जोडले. वरून विद्यार्थी जातात, खाली सावली पडते. कानपूरच्या मे महिन्यात त्या सावलीत उभे राहिल्यावर हा माणूस काय करत होता, ते मला कळले. साहित्य म्हणाल तर काँक्रीटचा सांगाडा आणि उघडी वीट, बस्स.

मेहसाण्याची दूधसागर डेअरीही अशीच. उष्ण हवा बाहेर टाकणारे उभे मनोरे हाच तिचा चेहरा. वेगळी सजावट नाहीच. शेवटी शेवटी त्यांनी दिल्लीचे इस्कॉन मंदिरही बांधले, ते 1998 मध्ये खुले झाले. ग्रोपिअसच्या शिष्याची ती शिखरे मला पटत नाहीत. पण तो वाद चहाच्या वेळी घालू.

आता जवळची गोष्ट. शाळेच्या सहलीत आपण वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो, तेही कानविंद्यांच्याच कार्यालयाचे. तेव्हा नाव कोणी सांगितले नाही. अशा इमारती ना किल्ला, ना लेणे. त्यामुळे त्या पाडताना कोणाला हळहळ वाटत नाही. दिल्लीतले राज रेवाल यांचे हॉल ऑफ नेशन्स एप्रिल 2017 मध्ये पाडले गेले, तेव्हा ते पन्नास वर्षांचेही नव्हते.

हे सांगायचे कारण आपल्याच आवारात आहे. माजी विद्यार्थी निधीतून शाळेची जुनी विज्ञान विंग पाडून काचेची वातानुकूलित इमारत उभारण्याचा प्रस्ताव संमेलनात येणार आहे. ती विंग कोणी आखली ते मला सापडले नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मी तिची मोजमापे घेतली. दक्षिणेचा व्हरांडा, समोरासमोर खिडक्या, छताखाली झरोके. भर दुपारी पंखा न लावता मी तिथे दोन तास काम केले. गळके छप्पर आणि जुनी वायरिंग बदलावी लागेल, हे खरे. नकाशे आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज संमेलनाच्या दिवशी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पहिल्या टेबलावर ठेवतो. हात वर करण्याआधी तिथे चक्कर मारून जा.