जुनं पिस्तूल आणि नळीवरचा मुकुट

जुना फोन घेताना आपण काय करतो? बॅटरी बघतो, स्क्रीनवर नख फिरवतो, बिल मागतो. फोन फसवा निघाला तर पैसे जातात. पण वस्तू जुनं पिस्तूल असेल तर? नळी आतून कमकुवत असेल तर ती चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. आणि वरून बघून ते कळत नाही. मग अनोळखी माणसाकडून ते घेणाऱ्यानं भरवसा ठेवायचा कशावर?

आजची गोष्ट या प्रश्नाच्या एका जुन्या उत्तराची आहे.

साल 1637. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाला राजाची सनद मिळाली. शहरात आणि भोवतालच्या 10 मैलांत बनणारी बंदूक-पिस्तुलं तपासायचा हक्क आता या संघाचा. तपासणी अगदी रांगडी होती. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, माणसांनी लांब उभं राहायचं आणि बार उडवायचा. फुटायची असेल तर नळी इथेच फुटू दे, गिऱ्हाइकाच्या हातात नको! टिकली, तर कुठे तडा किंवा फुगवटा आलाय का ते नीट बघायचं आणि मग ठसा मारायचा. मुकुटाखाली ‘जीपी’ म्हणजे बार सोसला. मुकुटाखाली ‘व्ही’ म्हणजे डोळ्यांनी पाहिली. सोन्याला हॉलमार्क, तसा लोखंडाला हा ठसा.

बर्मिंगहॅम हे बंदुकांचं दुसरं मोठं गाव. तिथं कायद्यानं असं तपासणीघर उभं राहिलं ते थेट 1813 मध्ये. त्याआधीच्या शतकात या गावच्या बंदुका गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणून ढिगानं पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. आता विचार करा, तिथं कुणाच्या हातात नळी फुटली, तर त्यानं तक्रार करायची कुणाकडे? ठसा नुसता लोखंडावर नसतो, मंडळी. ‘या गिऱ्हाइकाचा हात आम्ही मोजतो’ असंही तो सांगत असतो.

बरं, ठसा दिसला म्हणजे काम झालं का? नाही ना! इथंच जुना माल घेणारे फसायचे.

पहिली गोष्ट, दारू बदलली. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएईनं बिनधुराची दारू तयार केली. तिची ताकद काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त. आजोबांच्या काळात काळ्या दारूवर पास झालेली नळी या नव्या दारूला टिकेलच असं नाही. म्हणून पुढे इंग्लंडमध्ये नव्या दारूच्या चाचणीचे वेगळे ठसे आले. ठसा आहे एवढं पुरेसं नाही. तो कशासाठी मारलाय, हे वाचता यायला हवं.

दुसरी गोष्ट, ठसा एका दिवसाचा असतो. त्यानंतर नळी गंजते, कुणीतरी ती आतून घासून चकचकीत करतं, आतला पोकळ भाग रुंद होतो आणि भिंत पातळ पडते. बाहेरचा मुकुट मात्र तसाच झळकत राहतो! म्हणून 1868 च्या ब्रिटिश कायद्यानं जुन्या मालालाही सोडलं नाही. चाचणी बाद झालेली बंदूक विकणं हा गुन्हा, आणि ठसा खोटा मारणं हाही गुन्हा.

तिसरी गोष्ट, ठसा सांगतो की नळी फुटणार नाही. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फिरून नळीच्या बरोबर समोर थांबतो का, स्प्रिंग थकलीय का, यावर तो गप्प असतो. त्यासाठी जाणकार कारागिराचेच डोळे लागतात.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात विक्री, दुरुस्तीच नाही, तर अशी चाचणी करणंसुद्धा परवान्याखाली येतं. म्हणजे ‘घरीच एक बार उडवून बघू’ हा पर्याय नाहीच.

1637 च्या त्या कारागिरांना एक गोष्ट पक्की कळली होती. विकणारा म्हणतो ‘माल चांगला आहे’, घेणाऱ्याला तो चांगला असावासा वाटतो. दोघांचाही जीव व्यवहारात अडकलेला. म्हणून तपासणारा तिसरा लागतो. आणि त्या तिसऱ्यानं कधी तपासलं, काय तपासलं, हे विचारायचं काम शेवटी आपलंच.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!