लेखनकाल, रवानगी आणि पैवस्ती : धारूरच्या एका पत्राच्या निमित्ताने

बालाघाटाच्या डोंगररांगेतील धारूरचा किल्ला अली आदिलशाहाचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास बांधला. पुढे थोड्याच वर्षांत अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह त्यावर चालून आला. तो वाटेत असतानाच किश्वरखानाचे एक मोहरबंद पत्र त्याच्या हाती पडले, असे फेरिश्ता सांगतो. त्यातील मजकूर इतका अपमानकारक होता, की किल्ल्यात शिरल्यावाचून घोड्यावरून उतरणार नाही, अशी प्रतिज्ञा सुलतानाने केली. किल्ला पडला आणि किश्वरखान बाण लागून मारला गेला. पत्र पोचले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा नसतो. तथापि पत्रातील मजकुराइतकेच ते हाती पडण्याच्या क्षणालाही महत्त्व असते, एवढे या प्रसंगावरून निश्चित दिसते.

कोणत्याही लेखी संदेशाला तीन काळ असतात : लिहिण्याचा, रवाना करण्याचा आणि वाचला जाण्याचा. बोलण्यात हे तिन्ही एकत्र नांदतात. लेखनात ते सुटे होतात. मराठी पत्रव्यवहाराला याची उत्तम जाणीव होती. पेशवेकालीन पत्राच्या आरंभी ‘तागाईत छ अमुक पावेतो’ येथील वर्तमान यथास्थित आहे, असे लिहिण्याचा प्रघात होता. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची तारीख. ‘तागाईत’ हा फारसीमार्गे आलेला शब्द ‘येथपर्यंत’ असा अर्थ देतो. हा मायना केवळ शिष्टाचार नव्हे. आपले वर्तमान कोणत्या दिवसापर्यंत खरे आहे याची मर्यादाच लेखक त्यातून घालून देई. उलटपक्षी, पत्र आले म्हणजे ते घेणारा कारकून अनेकदा त्यावर ‘पैवस्ती’ची, म्हणजे पोचल्याची, तारीख घाली. एकाच कागदावर दोन्ही टोकांचे काळ असे नोंदले जात. राजवाडे, खरे, सरदेसाई यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांतून घटनांचा क्रम लावता येतो, तो बऱ्याच अंशी या नोंदींच्या आधारानेच.

त्या काळी लेखन आणि वाचन यांतील अंतर वाटेने निर्माण केलेले असे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ कळली ती सुमारे दहा दिवसांनी. मधल्या दिवसांत पेशव्यांच्या दृष्टीने भाऊसाहेब जिवंतच होते. हा विलंब कोणी योजलेला नव्हता. नद्या, घाट आणि जासुदांचे पाय यांनी तो ठरविला होता.

आजची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. वाटेला आता काळ लागत नाही, म्हणून विलंब मुद्दाम योजावा लागतो. जीमेलमध्ये २०१९ साली आणि कचेऱ्यांतील संभाषणासाठी वापरल्या जाणाऱ्या स्लॅकमध्ये २०२१ साली, संदेश आता लिहून पुढील नेमल्या वेळी धाडण्याची सोय झाली. धारूरच्या एखाद्या कचेरीतील अधिकाऱ्याने रविवारी रात्री अकराला लिहिलेली सूचना सोमवारी सकाळी दहाला कारकुनाच्या हाती पडू शकते. यात सौजन्य आहे, हे मान्य केले पाहिजे. हाताखालच्या माणसाची झोपमोड होत नाही व सुट्टीच्या दिवशी उत्तर देण्याचे दडपण त्याच्यावर येत नाही.

परंतु भाषेच्या दृष्टीने येथे एक अडचण उद्भवते. ‘आज’, ‘उद्या’, ‘आत्ता’ हे शब्द उच्चाराच्या क्षणाला बांधलेले असतात. रविवारी ‘उद्या बैठक आहे’ असे लिहिले आणि सोमवारी ते पोचले, तर बैठक मंगळवारची होऊन बसते. हिंदीतील ‘कल’ मागेपुढे दोन्हीकडे चालतो. मराठीने ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे राखले, तरी ‘परवा’ मात्र दोन्हीकडे वापरला. एरवी क्रियापद त्याचा निर्णय करते. ‘परवाच्या बैठकीचे कागद’ या क्रियापदहीन शब्दसंहतीत तो आधारही उरत नाही. म्हणून विलंबित संदेश लिहिणाऱ्याने आपला ‘आज’ सोडून वाचणाऱ्याच्या ‘आज’मध्ये जाऊन बसावे लागते. प्राचीन रोमन पत्रलेखकही याच कारणाने स्वतःच्या वर्तमानासाठी कधीकधी भूतकाळी क्रियापद योजीत.

याहून गंभीर प्रश्न पुराव्याचा आहे. असा संदेश पोचतो तेव्हा त्यावर साधारणतः रवानगीचीच वेळ दिसते. लेखनकाल वाचणाऱ्याला दिसत नाही. पेशवेकालीन कारकुनाने जे जपले, ते येथे पुसले जाते. त्याबरोबर लिहिणाऱ्याचा रात्रीचा श्रमही पुसला जातो. उद्याचा संशोधक हे दप्तर चाळील तेव्हा सारे काम सकाळी दहानंतरच होत असे, असा निष्कर्ष तो काढील. शिवाय लिहिल्यानंतर परिस्थिती बदलली, तरी तो मजकूर पोचताना ताजाच भासेल, कारण ‘तागाईत’ सांगणारे त्यात काही नसेल.

उपाय मात्र अवघड नाही. संदेश सकाळी पोचावा हे योग्यच. पण त्यात दिवसाचे नाव व तारीख स्पष्ट असावी, आणि तो केव्हा लिहिला याचा एका ओळीत उल्लेख असावा. आपल्या पूर्वजांनी बोरूने जी शिस्त पाळली, ती बोटाच्या एका स्पर्शाने लिहिणाऱ्या पिढीला जड जाण्याचे कारण नाही.