चोपाऊची नळी : एक जुने इंजिन, एक अभियंता आणि हमामात्सुपर्यंतचा प्रवास

१/
१७ सप्टेंबर १९६१. स्वीडनमधील क्रिस्टियान्स्टाड येथे १२५ सीसी गटाची जागतिक शर्यत सुरू होती. पूर्व जर्मनीच्या एमझेड संघाचा एर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. शर्यतीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच त्याचे इंजिन बंद पडले. त्यानंतर डेग्नर संघाबरोबर मायदेशी परतला नाही. त्याच्याबरोबर टू-स्ट्रोक इंजिनाचे एक मोलाचे ज्ञानही सीमेपलीकडे गेले.

२/
डेग्नरच्या मोटारसायकलचा वंश १९३९ सालच्या एका साध्या, स्वस्त दुचाकीपर्यंत पोहोचतो. त्या मूळ इंजिनाची शक्ती होती जेमतेम पावणेपाच अश्वशक्ती. १९६१ मध्ये तेवढ्याच आकारमानाचे इंजिन २५ अश्वशक्ती देत होते. सुपरचार्जरशिवाय चालणाऱ्या इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्ती गाठण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. हे कसे घडले आणि त्याचे श्रेय कोठे गेले, याचा हा धागा.

३/
सॅक्सनी प्रांतातील चोपाऊ हे लहानसे गाव. डॅनिश उद्योजक यॉर्गन रासमुसेन याने तेथे उभारलेली डीकेडब्ल्यू ही कंपनी १९२० च्या दशकाअखेर जगातील सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक होती. तिचा अभियंता हेर्मान वेबर याने आखलेली आरटी १२५ ही गाडी १९३९ मध्ये आली. वजनाला हलकी, मोजक्या सुट्या भागांची आणि कोणालाही दुरुस्त करता येईल अशी.

४/
१९४५ नंतर चोपाऊचा कारखाना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी युद्धभरपाई म्हणून उचकटून नेला. वेबरलाही सोव्हिएत संघात नेण्यात आले. १९४८ मध्ये तो तेथेच वारला. जर्मन पेटंटांचे संरक्षण संपल्यामुळे आरटी १२५ जणू सार्वजनिक मालमत्ता झाली. रशियात मॉस्क्वा एम-१ए, ब्रिटनमध्ये बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ आणि १९५५ मध्ये जपानात यामाहाची पहिली मोटारसायकल वायए-१, ही सारी त्याच आराखड्याची अपत्ये.

५/
हा आराखडा उत्तम असला तरी टू-स्ट्रोक इंजिनाचे मूळ दुखणे त्यातही होतेच. या इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याचे छिद्र, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, आणि ताजे मिश्रण आत येण्याची छिद्रे, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट, काही काळ एकाच वेळी उघडी असतात. परिणामी पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते.

६/
आत येणाऱ्या मिश्रणाचा प्रवाह वळवून ही गळती कमी करण्याची श्न्यूर्ले पद्धत डीकेडब्ल्यूने १९३० च्या दशकातच स्वीकारली होती. तरीही गळती पुरती थांबली नाही. पेट्रोल वाया जाते म्हणून ॲव्हरेज कमी, आणि सिलिंडर पुरेसा भरत नाही म्हणून शक्तीही कमी. दोन तक्रारी, पण कारण एकच.

७/
युद्धापूर्वी डीकेडब्ल्यूने शर्यतीसाठी यावर दांडगा उपाय केला होता. जादा पिस्टन बसवून मिश्रण सिलिंडरमध्ये दाबून भरायचे. अशाच यंत्रावर एवाल्ड क्लूगे याने १९३८ ची आइल ऑफ मॅन टीटी शर्यत २५० सीसी गटात जिंकली. परंतु त्या गाड्या कर्णकर्कश आवाजासाठी आणि पेट्रोल पिण्यासाठी कुप्रसिद्ध होत्या. १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली. टू-स्ट्रोकचे युग संपले, असेच जाणकारांना वाटले.

८/
या पार्श्वभूमीवर वाल्टर काडेनचे नाव पुढे येते. जन्म १९१९, सॅक्सनीतच. युद्धकाळात तो हेन्शेल विमान कंपनीत रेडिओने दिशा देता येणाऱ्या एचएस २९३ या बॉम्बच्या कामावर होता. युद्धानंतर त्याने घरांच्या छपरांसाठी लाकडी सांगाडे बनवण्याचा व्यवसाय केला आणि फावल्या वेळात आरटी १२५ वर शर्यतीचे प्रयोग केले. १९५३ च्या सुमारास चोपाऊच्या राष्ट्रीयीकृत कारखान्याचा शर्यत विभाग त्याच्याकडे सोपवण्यात आला. हाच कारखाना पुढे एमझेड या नावाने ओळखला गेला.

९/
काडेनने शून्यातून सुरुवात केली नाही, हे नमूद केले पाहिजे. डॅनिएल झिमरमान या खासगी स्पर्धकाने आपल्या आरटी १२५ ला क्रँकशाफ्टवर फिरणारी पातळ चकती बसवून मिश्रण आत येण्याची वेळ हवी तशी ठरवली होती. त्यामुळे कार्ब्युरेटरकडे उलट फेकले जाणारे पेट्रोल वाचत असे. पश्चिम जर्मनीतील डीकेडब्ल्यूमध्ये एरिख वोल्फ याने फुगीर आकाराच्या एक्झॉस्ट नळ्या वापरल्या होत्या. काडेनने या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या आणि त्यांच्यामागचे शास्त्र मोजून काढले.

१०/
त्याच्या कामाचा गाभा असा. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी हळूहळू रुंदावत गेली, तर त्या लाटेचा एक अंश ओढीच्या रूपाने उलट येतो. ही ओढ जळालेला वायू बाहेर खेचते आणि त्यापाठोपाठ ताजे मिश्रण आत घेते. थोडे मिश्रण नळीतही सांडते. पुढे नळी पुन्हा निमुळती केली, तर लाट तेथे आपटून दाबाच्या रूपाने परतते आणि सांडलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या क्षणी सिलिंडरमध्ये परत कोंबते. म्हणजे सुपरचार्जरचे काम, पण एकही हलता भाग नाही आणि नियमभंगही नाही.

११/
यात वेळेचे गणित फार काटेकोर आहे. मिनिटाला १०,८०० फेरे म्हणजे सेकंदाला १८०. एका फेऱ्याला सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात आणि एक्झॉस्ट पोर्ट त्याच्या साधारण निम्मा काळ उघडे असते. तप्त वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर दोन मिलिसेकंदांत ती जाऊन-येऊन एक मीटर अंतर कापते. म्हणून नळीची लांबी थोडी जरी बदलली, तरी लाट चुकीच्या क्षणी पोहोचते.

१२/
कानाने ऐकून किंवा अंदाजाने हे जुळवणे अशक्यप्राय होते. काडेनने ऑसिलोस्कोप लावून नळीतील दाबाचे चढउतार पाहिले आणि तिचे शंकू त्यानुसार बदलत नेले. एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीत त्याने तिसरे ट्रान्सफर पोर्ट काढले. पिस्टनमधून वाट काढत येणाऱ्या या थंड मिश्रणामुळे सिलिंडर अधिक भरत असे आणि पिस्टनखालच्या तापणाऱ्या बेअरिंगलाही गारवा व वंगण मिळत असे.

१३/
परिणाम आकड्यांत दिसतो. १९५४ मध्ये १३ अश्वशक्ती, १९६१ मध्ये २५. मूळ आरटीचे सुटे भाग आता फारसे उरले नव्हते, पण घराणे तेच होते. धनाढ्य पाश्चात्त्य कंपन्यांच्या तुलनेत तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या या विभागाने १९५८ मध्ये स्वीडनमध्ये होर्स्ट फ्युग्नरच्या हातून पहिली जागतिक शर्यत जिंकली.

१४/
या युक्तीची किंमतही होती. नळी एका ठरावीक वेगासाठी जुळवलेली असते. त्या टप्प्यात इंजिन उसळी घेते. त्याखाली मात्र लाट अवेळी येते, इंजिन मंदावते आणि पेट्रोल पुन्हा वाया जाते. त्यामुळे शर्यतीची नळी जशीच्या तशी रोजच्या गाडीला लावून ॲव्हरेज वाढत नाही. त्यासाठी कमी वेगाला जुळणारी, सौम्य आकाराची नळी लागते.

१५/
आता पुन्हा १९६१ कडे. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सुझुकी तेव्हा जागतिक शर्यतींत चाचपडत होती आणि डेग्नरशी तिचे आधीच बोलणे झाले होते. स्वीडनच्या शर्यतीच्या सुमारास त्याची पत्नी व मुले मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे पोहोचली. खुद्द डेग्नर स्वीडनहून डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत गेला. विश्वविजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळाले. डेग्नर काही आठवड्यांतच जपानमध्ये, हमामात्सुला, सुझुकीच्या कारखान्यात दाखल झाला.

१६/
पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नरने सुझुकीवर ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. टू-स्ट्रोक यंत्राचे हे पहिलेच जागतिक अजिंक्यपद. १९६४ मध्ये फिल रीडने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर २५० सीसी गट जिंकला. होंडाने फोर-स्ट्रोकची बाजू लढवत १२५ सीसीचे पाच सिलिंडरांचे इंजिनही बनवले. पण १९७५ मध्ये ५०० सीसीचे विजेतेपदही टू-स्ट्रोककडे गेले आणि पुढील पाव शतक तेथेच राहिले.

१७/
काडेन मात्र चोपाऊतच राहिला. डेग्नरच्या पलायनानंतर संशयाची नजर त्याच्याकडेही वळली. पाश्चात्त्य प्रगतीशी स्पर्धा करण्याइतका पैसा एमझेडकडे नव्हता. तरीही १९७६ पर्यंत संघ टिकला आणि त्याने एकूण १३ जागतिक शर्यती जिंकल्या. विश्वविजेतेपद एकदाही मिळाले नाही.

१८/
या कथेचा एक धागा भारतापर्यंत येतो. यामाहाच्या आरडी ३५० वर आधारित राजदूत ३५० ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये बाजारात आणली. जपानी मूळ गाडीची शक्ती ३९ अश्वशक्तीच्या आसपास होती. भारतीय 'हाय टॉर्क' आवृत्ती ३०.५ वर आणि नंतरची 'लो टॉर्क' २७ वर आणली गेली. शक्ती उतरवण्यामागे पेट्रोलची चिंता होती. तरीही भारतीय ग्राहकाला ती महागच पडली. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक सीडी १०० ने ॲव्हरेजची अपेक्षाच बदलून टाकली आणि १९९० च्या दशकात प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोकचा निरोप निश्चित केला.

१९/
१९४५ मध्ये चोपाऊची यंत्रे आणि आराखडा विजेत्यांनी नेला. १९६१ मध्ये त्याच गावात घडलेले ज्ञान एका माणसाबरोबर गेले. पहिल्या वेळी लष्कर लागले, दुसऱ्या वेळी एक करार आणि एक डिकी पुरली. दोन्ही वेळा ज्यांनी ते घडवले, त्यांच्या वाट्याला फळ आले नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ विजेत्यांच्या यादीवरून वाचला, तर वेबर आणि काडेन ही नावे त्यात सापडणारच नाहीत.

२०/
जपानच्या सुझुका शर्यतमार्गावर एका वळणाला आजही डेग्नरचे नाव आहे. १९६३ मध्ये याच शर्यतमार्गावर तो गंभीर भाजला होता. १९९६ मध्ये वारलेल्या काडेनची खूण मात्र वेगळ्या ठिकाणी शोधावी लागते. जुन्या टू-स्ट्रोक गाडीची मध्येच फुगून पुन्हा निमुळती होत गेलेली एक्झॉस्ट नळी कोठे दिसली, तर तो आकार कोणत्या गावात मोजून ठरला, हे आता ठाऊक असेल.