‘आपली टीम’ कोणती? : मुंबईच्या पंचरंगी सामन्यांची गोष्ट

१९८३ च्या जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या चाळीत ‘आपली टीम जिंकली’ असा एकच गलका झाला होता. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, “आमच्या वेळी ‘आपली टीम’ म्हणजे हिंदूंची.” मी तेव्हा शाळकरी होतो, बोलणे डोक्यावरून गेले. पुढे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायचा नाद लागला, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ उलगडत गेला.

मुंबईत संघटित क्रिकेट प्रथम पारशांनी सुरू केले. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने नेमाने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा संघ आला आणि ‘पंचरंगी’ हे नाव रूढ झाले. भारतीय ख्रिस्ती, ज्यू वगैरे मंडळी या उरलेल्यांत मोडत. संघाची ही विभागणी आपोआप झालेली नव्हती. पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना सरकारने समुद्रकाठी शेजारी-शेजारी जागा दिल्या होत्या. निवड जिमखान्याची, तिकिटे जिमखान्याची, मानपान जिमखान्याचे. प्रेक्षकाने फक्त आपल्या जन्माप्रमाणे टाळ्या वाजवायच्या.

पण ‘हिंदूंचा संघ’ तरी एकजिनसी होता काय? पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि सरावाला ग्रेगसारख्या फलंदाजाला चेंडू टाकत. त्यांची डावखुरी फिरकी एवढी भारी होती की पुण्याच्या हिंदू क्लबाला ते संघात हवेसे झाले. मैदानात ते सगळ्यांबरोबर एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. म्हणजे दलित वस्तीतला माणूस हिंदूंच्या विजयाला टाळ्या वाजवत होता, तेव्हा तो नेमका कुणाच्या बाजूने होता? संघाच्या, की संघाने बाहेर बसवलेल्या माणसाच्या? १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. बाजू निवडणे मैदानाबाहेरही सोपे नव्हते.

दुसरे उदाहरण विजय हजारे यांचे. सांगलीचे मराठी ख्रिस्ती. १९३९-४० च्या रणजी स्पर्धेत पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी महाराष्ट्रासाठी नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी करंडक जिंकला. तेव्हा हजारे पुण्याच्या प्रेक्षकांचे ‘आपले’ होते. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाऊल टाकले की तेच हजारे ‘उरलेल्यांत’ जात. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. फॉलोऑननंतरच्या ३८७ धावांत एकट्या हजारेंच्या ३०९ होत्या. सामना हिंदूंनी डावाने जिंकला, पण लोकांच्या तोंडी राहिले ते हजारे. खेळ रंगला की माणूस कुंपण विसरतो, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

अर्थात, कुंपण विसरणे आणि कुंपण पाडणे यांत अंतर आहे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी सेवाग्रामला गांधीजींना भेटली. सत्याग्रही तुरुंगात असताना असा उत्सव त्यांना अनुचित वाटला. शिवाय महाविद्यालये किंवा संस्था एकमेकींशी खेळतात हे आपण समजू शकतो, हिंदू-मुसलमान-पारशी असे संघ कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वर्षी हिंदूंनी माघार घेतली. पण पुढच्याच वर्षी ते परतले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’सारखी पत्रे विरोधात लिहीत होती, आणि तरी स्टेडियम भरतच होते. १९३४ मध्ये सुरू झालेल्या, प्रांतवार संघांच्या रणजी स्पर्धेला तेवढी गर्दी नसे. आजोबाही तिकीट काढत ते पंचरंगीचेच. राष्ट्रीय विचाराचा माणूससुद्धा दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत जातीय संघाला टाळ्या द्यायला जाई, हे मान्य केल्याशिवाय तो काळ कळत नाही. १९४४ चा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंविरुद्ध अवघा एक गडी राखून जिंकला. दोनच वर्षांत, १९४६ मध्ये, देशातले वातावरण पेटले आणि ही स्पर्धा कायमची बंद झाली.

१९९० मध्ये ब्रिटनमधील नेते नॉर्मन टेबिट यांनी, स्थलांतरित आशियाई लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने ओरडतात यावरून त्यांची निष्ठा तपासावी, असे सुचवले. आपल्याकडेही ही कसोटी अधूनमधून कुणावर तरी लावली जातेच. ती लावणाऱ्याने जरा मागे वळून पाहावे. तीच कसोटी १९३० च्या दशकात मुंबईत लावली असती, तर आमच्या आजोबांसकट अर्धे शहर नापास झाले असते. त्यांच्यापुढे भारताचा संघ फार क्वचित उभा राहिला. जो संघ समोर उभा केला गेला, तो त्यांनी आपला मानला.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार होते ‘रेस्ट’चे विजय हजारे. बारा बळी घेणारे विनू मंकड पूर्वी हिंदूंकडून खेळलेले. शतक करणारे पॉली उम्रीगर पारशांकडून. गुलाम अहमदही त्या संघात होते. आजोबांना मी एकदा विचारले होते, त्या दिवशी कसे वाटले? ते म्हणाले, “हजारे जिंकला, बरे वाटले.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “पूर्वी तो आमच्याविरुद्ध खेळायचा.”