क्रुसाविना सव्वीस जण

आजीच्या गोष्टीतला गोन्सालो गार्सिया वेदीवरचा संत नसायचाच, तो वसईच्या किल्ल्यातला पोरगा असायचा. "बाप फिरंगी, पण आई आपल्यातली," हे सांगताना तिचा आवाज चढायचा. पोरगा फादरांच्या मागे जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापारात पडला, आणि एक दिवस सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. इथवर ती भरभर यायची. क्योतोत मात्र रेंगाळायची. डावा कान कापला, गाडीत घालून शहरभर फिरवलं, मग ऐन थंडीत महिनाभर नागासाकीपर्यंत नेलं. क्रुसाचं सांगणं एका वाक्यात आटपायची.

इतिहासाच्या पुस्तकांशी ताडून पाहिलं, तर म्हातारीचं फारसं कुठे चुकत नाही. गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. १५९३ मध्ये तो फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाष्या म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीसमोर उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर गोन्सालोसह सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं: सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, सतरा तिथलेच प्रापंचिक. सर्वांत धाकटा लुइस इबाराकी बारा वर्षांचा होता. १८६२ साली नवव्या पायस पोपनी सगळ्यांना संतपद दिलं.

त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ साली, टेकडीवर स्मारक आणि चर्च उभं राहिलं. वास्तुकार केंजी इमाई. स्पॅनिश वास्तुकार गाउदी वारला त्याच वर्षी, १९२६ मध्ये, ते बार्सिलोनात त्याची कामं पाहून आले होते. त्या कामांचं वेड इथल्या जुळ्या मनोऱ्यांत उतरलं आहे. सांगाडा काँक्रीटचा, आणि त्यावर फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांचा साज.

मी तिथे गेले ती मात्र शिल्पकार यासुताके फुनाकोशींच्या ब्राँझ मूर्तींसमोर खिळले. सव्वीस जण एका ओळीत. क्रूस नाही, भाला नाही, रक्त नाही. पावलं खाली लोंबलेली, त्यांच्याखाली जमीन नाही. ओळीत तीन आकृत्या बुटक्या आहेत, ती पोरं. हुतात्म्यांचं स्थान बांधताना यातना दाखवायचा मोह केवढा मोठा असेल! तो टाळला म्हणूनच आपण चेहऱ्यांकडे बघतो, मला तरी असंच वाटतं. भिंतीच्या मागच्या अंगाला इमाईंनी क्योतोपासूनची वाट मांडली आहे. ती पाहताना आजी आठवली नसती तरच नवल. जपानी वास्तुकाराने आणि वसईच्या अक्षरशत्रू म्हातारीने गोष्टीतली एकच जागा मोठी मानली होती.

नागासाकीतलंच ओउराचं चर्चही याच सव्वीस जणांच्या नावाचं. फ्रेंच मिशनऱ्यांनी त्याचं तोंड मुद्दाम या टेकडीकडे केलं. ते उघडून महिना होतो न होतो तोच, १७ मार्च १८६५ रोजी, जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी आत आले आणि फादर पेतिजाँना हळूच म्हणाले, की आमचाही धर्म हाच. ख्रिस्ती धर्मावर अडीचशे वर्षं बंदी होती, गावात धर्मगुरू नव्हता. बाप्तिस्मा, प्रार्थना आणि सणांचे दिवस घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या पिढीला तोंडी शिकवले होते. त्या शेतकऱ्यांनी पहिली चौकशी केली ती मारियामातेची मूर्ती कुठे आहे याची.