हलला की नाही?

भूल किती चढली, हे डॉक्टर पूर्वी डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वास पाहून ताडत. १९६५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एडमंड एगर आणि सहकाऱ्यांनी 'मॅक' हे माप मांडलं: त्वचेला छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत, तेव्हा फुप्फुसांच्या वायुकोशांत असलेलं भुलीच्या वायूचं प्रमाण. उत्तर एका बिटचं: हलला की नाही? हॅलोथेनसाठी सुमारे ०.७५ टक्के, सेव्होफ्लुरेनसाठी २. आकडा जितका लहान, तितकं औषध जालीम. वय वाढलं, अंग गार पडलं की आकडा उतरतो. ताप आला की चढतो.

१९९३मध्ये शेळ्यांवर प्रयोग झाला. भूल मुख्यतः मेंदूलाच दिली, तर त्यांना स्थिर ठेवायला दुपटीहून जास्त लागली. म्हणजे हालचाल थांबते ती मुख्यतः मज्जारज्जूत. मॅक स्थिरता मोजतं, शुद्ध नाही. निपचित देह आणि हरपलेली शुद्ध, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.