पंख्याची तिसरी तार आणि अलिबागची वेधशाळा

कॉम्प्युटरच्या केसमधला पंखा मदरबोर्डला जोडताना आपण एवढंच बघतो, फिरतोय ना? झालं. पण त्या कनेक्टरमध्ये एकेक तार का वाढत गेली हे बघितलं, तर संशोधन करणाऱ्यांच्या कामाचं बरंच काही सापडतं.

1981 च्या आयबीएम पीसीत पंखा होता तो पॉवर सप्लायमध्ये. प्रोसेसरला स्वतःचा पंखा नव्हता. 1990 च्या दशकात प्रोसेसर तापायला लागले आणि पंखे वाढले. साध्या पंख्याला दोनच तारा, ग्राउंड आणि 12 व्होल्ट. पंखा अडकला तरी मदरबोर्डला पत्ता नाही! म्हणून तिसरी तार आली. रोटरमधलं चुंबक फिरताना आतला हॉल सेन्सर ते ओळखतो आणि साधारणपणे एका फेरीला दोन पल्स पाठवतो. 2004 च्या सुमारास इंटेलच्या चार तारांच्या स्पेसिफिकेशनमुळे चौथी, पीडब्ल्यूएमची तार रुळली. तिची फ्रीक्वेन्सी 25 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या कानाच्या पलीकडची.

थोडक्यात, चौथी तार हुकूम देते आणि तिसरी तार प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. 'वेग 40 टक्के ठेवला' हा हुकूम झाला. मोजलेले आरपीएम म्हणजे निरीक्षण. वहीत दोन्ही हवेत.

गडबड होते ती जोडणी बदलताना. तीन तारांचा पंखा चार पिनांच्या हेडरवर बसतो, पण हेडर पीडब्ल्यूएम मोडमध्ये असेल तर पूर्ण वेगाने फिरत राहतो. बायॉसमध्ये डीसी मोड निवडावा लागतो. स्प्लिटरवर दोन पंखे लावले तर टॅकोची तार एकाचीच जोडलेली असते, म्हणजे दुसरा बंद पडला तरी स्क्रीनवर सगळं छान. शिवाय बऱ्याच हेडरची मर्यादा 1 अँपिअर असते. पंखा बदलला की तापमान बदलतं, तापमानाने प्रोसेसरचा वेग बदलतो, आणि महिनाभर चाललेल्या रनच्या वेळा एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत.

अशा वेळी काय करायचं, याचं उत्तम उदाहरण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या (त्या 1907 मध्ये धावल्या) आणि त्या करंटमुळे कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणं बिघडणार होती. नानाभॉय मूस तेव्हा तिथले संचालक होते. 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. 1859 च्या सप्टेंबरमधल्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्याची नोंद आजही अभ्यासली जाते, आणि तिच्यापासून अलिबागच्या आजच्या नोंदींपर्यंत सलग येता येतं.

तर प्रयोगाच्या मध्येच पंखा किंवा हेडर बदलावा लागला, तर आधी जुन्या जोडणीवर एक ठरावीक रन करा, मग तोच रन नव्या जोडणीवर. तारीख, हेडरचं नाव, मोड, आरपीएम आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. तासाभराचं काम आहे. आणि हो, शेजारी मॅग्नेटोमीटर असेल तर पंखा लांब ठेवा, त्याच्या पोटात चुंबक आहे!